तिच्या घरची मंडळी

"उत्तराताई, गैरसमज करून घेऊ नका," चहाचा कप बाजूला सारत गिरीश साळवे म्हणाला, "पण पुढच्या महिन्यापासून रविवारची उपासना आमच्याकडे शिफ्ट करू या. सुमंतदादा गेले. या घराला आता कुटुंबप्रमुख नाही."

उत्तरा उजागरे अजून नर्सच्या निळ्या कपड्यांतच होती. डायलिसिसच्या वॉर्डात बारा तास उभं राहून ती नुकतीच वेस्ट विंडसरच्या आपल्या घरी परतली होती.

"दहा महिने हे घर चालवतंय कोण मग?" तिनं विचारलं.

"तसं नव्हे हो ताई! पण मंडळी भरते त्या घरात कर्ता पुरुष हवा. पवित्र शास्त्रानंच तशी घडी घालून दिलीय. रविवारी सगळ्यांसमोर मांडतो."

तो गेला, तरी उत्तरा टेबलाशी बसूनच राहिली. १९९३ साली तिच्या बेसमेंटमध्ये मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना सुरू झाली, तेव्हा मंडळीत पाच माणसं होती. आता चाळीस झाली होती. पाळक कुणी नव्हता. प्रार्थना तिचा नवरा सुमंत चालवायचा. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याला विमानतळावरून आणणं, बाळंतिणीला डबा पोचवणं, आजाऱ्याशेजारी बसणं हे उत्तराचं. ती प्रमुख आहे की नाही, हा प्रश्न आजवर तिलाही पडला नव्हता. नगरकडे तिची आई गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र शिकवायची आणि चर्चच्या देवळात मात्र मागे बसायची. उत्तरालाही तेच वळण होतं. पण आज गिरीशचं बोलणं जिव्हारी लागलं.

गुरुवारी सुट्टी होती. जवळच्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या ग्रंथालयावरून तिची गाडी वर्षानुवर्षं जायची. त्या दिवशी ती थांबली. घराघरांत भरणाऱ्या मंडळींबद्दल विचारल्यावर तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपाल बाईंनी तिच्यापुढे सात पुस्तकं आणून ठेवली. उत्तरा संध्याकाळपर्यंत वाचत बसली. पहिल्या ख्रिस्ती लोकांना देवळंच नव्हती. ते घराघरांत जमत. जांभळं कापड विकणाऱ्या लुदियाच्या घरी जमत, आणि तिच्या नवऱ्याचा कुठे उल्लेखसुद्धा नव्हता. बापानं हुकूम सोडायचा नि बाकीच्यांनी मान डोलवायची, ही घडी त्या काळच्या सगळ्याच घरांची होती. ख्रिस्ती घरांनी ती उचलली. पण एकाच ताटलीत मालक, गुलाम आणि बाई जेवायला लागल्यावर ती घडी विस्कटायलाही लागली होती.

रविवारी गिरीश उभा राहिला. प्रेषित पौलानं कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातून त्यानं बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावं, एवढा भाग वाचला आणि पुस्तक मिटायला घेतलं.

"मिटू नकोस गिरीश." उत्तरा मागच्या रांगेत उभी राहिली. "पान उलट. त्याच पत्राचा शेवट वाच. सलाम कुणाकुणाला सांगितलाय?"

गिरीशनं पान उलटलं. ओठांतल्या ओठांत वाचलं.

"मोठ्यानं वाच ना यार," कुणीतरी म्हणालं.

"नुंफा... आणि तिच्या घरातली मंडळी," गिरीश म्हणाला. मग सावरून घेत, "काही जुन्या प्रतींत 'त्याच्या' असंही आहे, ताई."

"आहे ना! मीही वाचलं. बाईच्या घरी मंडळी भरते, हे त्या प्रती उतरवून काढणाऱ्यालाही पटलं नसणार."

बेसमेंट हसण्यानं दणाणलं. हसू ओसरायच्या आत गिरीशची बायको रेखा हार्मोनियमवरून उठली. अकरा वर्षांत ती गाण्याखेरीज इथे एक शब्द बोलली नव्हती.

"आमच्याकडे नको," ती म्हणाली. "आमची सावनी जन्मली तेव्हा सहा आठवडे हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. ताई ड्यूटी संपवून रोज माझ्याशेजारी येऊन बसायच्या. तेव्हा आपण विचारलं होतं का, यांच्या घराचा प्रमुख कोण? उपासना इथेच. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा."

हात वर होत गेले. म्हाताऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे, आईच्या मांडीवरल्या पोरांचेसुद्धा. गिरीशनं खोलीभर नजर फिरवली, रेखाकडे पाहिलं आणि हळूच स्वतःचाही हात वर केला.

प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर मोडून सगळ्यांत वाटायची, वेळ झाली. सुमंतमागे भाकर गिरीशच मोडत असे. त्यानं ताटली उचलली, रांगांमधून वाट काढत मागे गेला आणि उत्तरापुढे धरली.

"तुमच्या घरी तुम्हीच, ताई."

उत्तरानं पदराला हात पुसले. आभार मानले, भाकर मोडली आणि रांगेरांगेतून सगळ्यांना दिली. शेवटचा तुकडा स्वतः घेतला. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती तिथे जाऊन बसली.