सव्वीस तासांची सही

आर्सीला सही करायला मी लावलं. वॉर्डने नाही, वकिलाने नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ऑफिसात सगळे माझ्याशी इतके गोड वागायला लागले की मला त्यांच्या तोंडावर कॉफी फेकावीशी वाटायची.

मी सॅस्काटूनच्या आइस हॉकी संघात पगारांचा ताळमेळ बघते. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वरून एक मर्यादा घातली आहे. तिच्यावर एक डॉलर गेला तरी लीगच्या कचेरीत आपला कागद घेत नाहीत. खालूनही एक मर्यादा आहे, म्हणजे चिक्कू मालकांनी पोरासोरांचा संघ उतरवून तिकिटांचे पैसे खिशात घालू नयेत म्हणून. या दोन रेघांच्या मधे आपला संघ कोंबून बसवायचा हे माझं काम, आणि शत्रूंनी आपापला कसा कोंबलाय ते रोज बघायचं हेही माझंच काम. हॅमिल्टन, क्वेबेक आणि हॅलिफॅक्स हे आमचे शत्रू, कारण बाद फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी आम्हा चौघांची झोंबाझोंबी चालली होती. त्यांच्या खेळाडूंच्या बायकांना नवऱ्याचा पगार माहीत नसेल, मला तोंडपाठ असतो. रोज सकाळी मी तिघांचा तक्ता करते: कुणाकडे किती जागा उरली, कोण जखमी, कोण कुठे अडकलाय. गेल्या अकरा वर्षांत तो तक्ता एकदाही चुकला नव्हता आणि मला त्याचा माज होता.

मार्चचा पहिला आठवडा होता, बाहेर उणे एकतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला खेळाडूंच्या अदलाबदलीचं दार बंद होणार होतं. आमच्या व्यवस्थापकाने, वॉर्ड ट्रिंबलने, गोल मारणारा एक चांगला खेळाडू हेरला होता. त्याला बसवायला आमच्याकडे सतरा लाखांची जागा कमी पडत होती. ती जागा मिळणार होती, आमचा गोलरक्षक लांबच्या दुखण्याच्या यादीत गेला की; त्या यादीतल्याचा पगार वरच्या मर्यादेत धरत नाहीत. पण त्याची मंजुरी यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडणार, आणि नवा खेळाडू आजच हातचा जाणार. म्हणजे एका दिवसापुरता कुणाचा तरी पगार आमच्या वहीतून बाहेर काढायचा.

एकोणीस लाखांचा एकच माणूस त्यात बसत होता, जिल्बेर आर्सेनो. डाव्या बाजूचा बचावपटू, वय तेहतीस, सगळ्यांचा आर्सी. त्याला एका दिवसासाठी मूस जॉच्या आमच्या दुय्यम संघात दाखवायचं, की झालं. पण अनुभवी खेळाडूला खाली पाठवलं की पहिले चोवीस तास त्याचं नाव खुल्या यादीवर ठेवावं लागतं. दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा. तेवढ्या वेळात ज्या संघाकडे जागा असेल तो त्याला फुकट उचलू शकतो.

आणि आर्सीच्या करारात एक ओळ होती: त्याच्या सहीशिवाय त्याला कुठेही हलवता येणार नाही. त्या ओळीसाठी त्याने वर्षाला सहा लाख कमी घेतले होते. कारण मायेल. नऊ वर्षांची मुलगी. कोर्टाने स्पष्ट लिहून दिलं होतं, बाप या शहरात आहे तोवर मुलगी बापाकडे, कामासाठी बाप दुसऱ्या गावी राहायला गेला की मुलगी ऑटावाला आईकडे. न्यायाधीशबाईंनाही माहीत होतं, हॉकीपटूची बॅग दाराशीच असते. सोलांज आई म्हणून वाईट होती असं नाही, पण मायेलचं सगळं इथे होतं आणि आर्सीचं सगळं मायेल होती.

सरावातून तो तसाच वर आला, पायात स्लिपर, केस ओले.

"बोल ओरी, काय पाप केलं मी?"

"बस. एक सही हवी आहे."

मी सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला.

"नाही," तो म्हणाला.

"ऐकून तर घे."

"ऐकलं. मी यादीवर जाणार नाही. वॉर्डला सांग, दुसरा बकरा शोध."

"आर्सी, इकडे बघ." मी तक्ता त्याच्यासमोर फिरवला. "हॅमिल्टन, चाळीस हजार शिल्लक. क्वेबेक, दोन लाख. हॅलिफॅक्स, अकरा हजार. अकरा हजारात तुझा डावा बूटसुद्धा येत नाही. तुला उचलायचं कुणाच्या मनात आलं तरी उचलणार कुठून?"

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना तू नकोयस. तुझं वय झालंय."

"थँक यू हं."

"तू आज बारा ते उद्या बारा फक्त कागदावर मूस जॉला. घरीच राहा, पोरीला शाळेत सोड, पास्ता कर. उद्या जेवायच्या आत तू परत आमचा."

त्याने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तू तुझ्या आईची शपथ घे."

"माझी आई मेली आहे."

"मग तिने लाटून भरलेल्या पिरोगींची घे. त्या अजून फ्रीजरमध्ये आहेत, मला माहीत आहे."

मी घेतली. तो हसला आणि सही केली. मुदतीच्या जागी मी जुन्या नमुन्यातलंच वाक्य ठेवलं होतं, 'अदलाबदल बंद होईपर्यंत'. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत त्याच्या करारातली ती ओळ बाजूला. बारापर्यंत पुरलं असतं. पण नमुना तयार होता, वॉर्ड घाई करत होता, आणि दोन तासांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं मला वाटलं.

साडेचारला हॅलिफॅक्सची बातमी आली. त्यांचा कर्णधार सरावात बर्फाच्या कडेच्या फळीवर आदळला, खांदा निखळला, मोसम संपला. मोसम संपलेल्याला लीग लगेच मंजुरी देते, त्यामुळे पाचच्या आत तो लांबच्या दुखण्याच्या यादीत होता. बासष्ट लाखांची जागा मोकळी. आणि तो होता डाव्या बाजूचा बचावपटू.

यादीवरून नाव मागे घेता येत नाही, एकदा लागलं की लागलं. अख्ख्या लीगमध्ये त्या संध्याकाळी फुकट मिळणारा डाव्या बाजूचा एकच माणूस होता आणि तो मी मांडून ठेवला होता.

पाचला मी फर्गस मकइसाकला फोन लावला. हॅलिफॅक्समध्ये माझं जे काम तेच त्याचं. पंधरा वर्षांची ओळख, नाताळला कार्ड वगैरे. तिकडे सात वाजले होते, ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"ओरिस्या! माझ्या मनात तूच होतीस," तो म्हणाला. आवाजातच हसू होतं.

"फर्गस, आर्सीला उचलू नकोस. पाया पडते तुझ्या. त्याची मुलगी जाईल रे."

"अगं, आमच्याही लोकांना मुली आहेत. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

उचललं असतं. क्षणाचा विचार न करता उचललं असतं आणि वॉर्डकडे आईस्क्रीम मागितलं असतं. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं.

"त्याचा गुडघा गेलाय. डावा. आम्ही लपवलंय. म्हणून तर यादीवर टाकलाय."

ताटवाट्यांचा आवाज थांबला.

"हे तू मला का सांगतेयस?"

"कारण तू उचललास आणि दोन सामन्यांत तो बसला, तर तू मला जन्मभर शिव्या देशील. वॉर्डला कळलं तर माझी नोकरी जाईल. आता ठरव तू."

गुडघा ठणठणीत होता. जानेवारीतल्या तपासणीचा कागद माझ्याच कपाटात होता.

त्या रात्री काय झोप लागणार! सकाळी मी आठलाच ऑफिसात. दहा वाजले, अकरा वाजले. मी लीगचं पान सारखं उघडत होते. बाराला एक मिनिट असताना मी डोळे मिटले. बारा वाजून दोन मिनिटांनी पान आलं: आर्सेनो, कुणीही घेतला नाही.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, खरंच रडले. मग आर्सीला फोन केला.

"सांगितलं होतं ना, अकरा हजारात तुझा बूट येत नाही म्हणून."

"ओरी, तुला मी घरी बोलावून जेवायला घालणार. मायेलला सांगतो, ती केक करेल. घाण करते, पण खायचा."

"दोनला ये, परत घेतल्याच्या कागदावर सही करायला."

पाऊण वाजता वॉर्डने मला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. तो कधी दार लावत नाही.

"आर्सीच्या गुडघ्याचं काय?"

"काय म्हणजे?"

"तीन फोन आले. हॅलिफॅक्सला त्याची भाकरीसारखी गरज होती, जागा होती, फुकट होता, आणि त्यांनी सोडला. का सोडला? गुडघा, म्हणतात."

"वॉर्ड, ते मी सांगितलं. खोटं सांगितलं, मुद्दाम, त्यांनी उचलू नये म्हणून. गुडघा उत्तम आहे, तुझ्या डॉक्टरला विचार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती मला जास्त लागली.

"तू खरं बोलत असशील. किंवा आत्ता त्याला वाचवायला खोटं बोलत असशील. मला काय कळणार? आणि कळून उपयोग काय? लीगला तो लंगडा वाटतो. उद्या मला तो विकता येणार नाही, परवा कुणी विचारणार नाही. आज दोनपर्यंत त्याची सही माझ्याकडे आहे, आणि त्याचे एकोणीस लाख मोकळे झाले तर मला धडधाकट माणूस घेता येईल."

"ती सही एका कागदी दिवसासाठी होती!"

"त्यावर दोन लिहिलंय. तूच लिहिलंयस."

"घेणार कोण त्याला? लंगडा म्हणतोयस ना?"

"टक्सन."

टक्सन. माझ्या तक्त्यात टक्सन नव्हतंच. तळातला संघ, आमच्याशी त्यांची कसली स्पर्धा? मी फक्त शत्रूंकडे बघत होते. टक्सनला वरच्या रेघेची भीती नव्हती, त्याच दुपारी बारानंतर एक महागडा खेळाडू विकून ते खालच्या रेघेला अठरा लाख कमी पडत होते. दंड टाळायला त्यांना खेळाडू नको होता, वहीत लिहायला पगार हवा होता. गुडघा गेलेला असला तर उत्तमच, त्याला जखमी म्हणून बसवून ठेवता येतं आणि खालच्या रेघेत पगार तरी धरला जातो.

"मायेल आहे रे," मी म्हणाले. "वॉर्ड, तू तिच्या वाढदिवसाला गेला होतास. तुझ्या कुत्र्याचं नाव तिने ठेवलंय."

"माझ्याकडे तेवीस खेळाडू आहेत, ओरी. सगळ्यांना कुणी ना कुणी आहे."

"मी लीगला लिहून देते. मी खोटं बोलले म्हणून. मला काढून टाक. आत्ता काढ."

"लिही. दोननंतर लिही."

मी डॉक्टरला फोन लावला, तो शस्त्रक्रियेत. आर्सीच्या वकिलाला लावला, तो म्हणाला सही वाचून दाखव, मी वाचून दाखवली, तो नुसता 'अरे देवा' म्हणाला. टक्सनला लावला. तिथल्या पोरीला सांगितलं, गुडघा चांगला आहे, फसू नका. ती म्हणाली, "मॅडम, आम्हाला चालेल." मी म्हणाले, तो खेळू शकतो. ती म्हणाली, "तेही चालेल."

एक बावन्नला व्यवहार नोंदला गेला.

दोन वाजून दहा मिनिटांनी आर्सी आला. हातात डोनटचा डबा, बाहेरच्या थंडीने नाक लाल.

"कुठे आहे माझा कागद?"

मी उभी राहिले. बसून सांगता येईना.

"तुला टक्सनला दिलं. आठ मिनिटं राहिली होती तेव्हा."

"गंमत करू नकोस."

"आर्सी, खरंच."

त्याने डबा हळूच टेबलावर ठेवला. "मी तर... बारा वाजता तर संपलं होतं ना?"

"सहीवर दोन होतं. माझी चूक."

"टक्सन." जणू ते कुठल्या औषधाचं नाव होतं. "तिथे मला खेळवतील तरी?"

"नाही. त्यांना फक्त तुझा पगार हवाय. त्यांना वाटतंय तुझा गुडघा गेलाय."

"कोण म्हणालं?"

"मी. हॅलिफॅक्सने तुला नेऊ नये म्हणून मी फर्गसला तसं सांगितलं. ते सगळीकडे गेलं."

मला वाटलं, ओरडेल. मारेल. मी तयार होते, मला तेच हवं होतं. त्याने खाली आपल्या पायाकडे बघितलं.

"कुठला गुडघा?"

"डावा."

"हा?" तो तिथेच, जाड कोटासकट, खाली बसला. पार टाचांपर्यंत. आणि उठला. "हा गुडघा?" परत बसला, परत उठला. "बघ ना, ओरी. नीट बघ. कुठे गेलाय?"

"मला माहीत आहे रे."

"मग त्यांना सांग ना!"

वॉर्डचं दार उघडलं. आर्सी त्याच्याकडे वळला आणि एका पायावर, फक्त डाव्यावर, खाली गेला आणि वर आला. "वॉर्ड, बघ. काही झालेलं नाही. परत करून दाखवू?"

"आर्सी, कागद गेले रे," वॉर्ड म्हणाला. आणि त्याने दार आतून लावून घेतलं, आवाज न करता.

आर्सी त्या बंद दारासमोर उठाबशा काढत राहिला. कोटाखालून घाम यायला लागला. कॉरिडॉरमध्ये माणसं येऊन थांबली आणि मागच्या मागे गेली. मी म्हणाले, पुरे. तो थांबला नाही. "मोज तू," तो म्हणाला. "तुला मोजता येतं ना? मोज."

मी मोजायला लागले. चाळीस झाल्या तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. साडेतीनला मायेलची शाळा सुटते. अजून एक तास होता.