जाड मुठीची रापी

बाबांचा हात ठणठणीत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच लोकांना तो थरथरतो असं वाटणार आहे, आणि त्यांना तसं वाटायला लावणारी मी आहे.

आमचं दुकान बुटांचं, पण दुकानात टांगलेले असतात तशा बुटांचं नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाचं अर्धं पाऊल अपघातात गेलेलं, अशी माणसं आमच्याकडे येतात. बाबा त्यांच्या पायाचा लाकडी फर्मा घडवतात, रापीने, म्हणजे रुंद पात्याच्या सुरीने, चामडं कापतात, तळव्याला बुचाचे थर लावून उंची साधतात. आई मागच्या खोलीत मशीनवर वरचा भाग शिवते. मापं घेणं माझ्याकडे. गिऱ्हाईक खुर्चीत, मी खाली त्याच्या पायाशी, पावलाखाली कागद आणि हातात पेन्सिल. कुणाला ते हलकं काम वाटेल. मला कधी वाटलं नाही. देवापुढे वाकताना जसं आतून शांत होतं, तसंच मला त्या फरशीवर बसल्यावर व्हायचं. उंच, काटकुळी आणि सदा हातात माप, म्हणून बाबा मला 'फूटपट्टी' म्हणतात.

तेविसाव्या वर्षी मला मोठ्या शहरातून बोलावणं आलं. आमच्यासारखेच बूट करणारा कारखाना, फक्त चाळीस टेबलांचा. तिथल्या मुख्य कारागीर बाईंना सगळे मावशी म्हणत. परीक्षेसाठी मी कापलेला तुकडा त्यांनी खिडकीच्या काचेला टेकवून पाहिला आणि म्हणाल्या, "ये." बास, एवढंच.

त्याच दिवशी राहायची खोलीही बघून आले. पलंग उघडला की दार उघडत नव्हतं. दार उघडायचं तर पलंग मिटायचा. दोन तृतीयांश पगार त्या खोलीला जाणार होता आणि घरमालकीण सांगत होती, "खिडकी आहे ना, म्हणून जरा जास्त पडतं." खिडकीतून हात बाहेर काढला असता तर समोरच्या भिंतीला लागला असता. परतीच्या बसमध्ये मी थांबे मोजत आले, आणि प्रत्येक थांब्याला शहर मागे पडल्याचं बरं वाटत होतं.

निवड झाल्याचं मी फोनवर कळवलं होतं, आणि घरी पोचते तर बाबांनी ते गल्लीभर करून ठेवलेलं.

"तुझे बाबा दूधवाल्यालाही सांगून आलेत," आई म्हणाली. "त्याने विचारलं, मग अर्धा लिटर कमी करू का?"

"अगं, मोठ्या कारखान्यात घेतलंय पोरीला! सांगू नको?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्याकडे बघवेना.

मला जायचं नव्हतं. चार शब्दही नाहीत, पण ते तोंडातून निघेनात. घाबरून राहिलेली मुलगी कुणाला आवडते? बापासाठी राहिलेली मुलगी मात्र सगळ्यांना आवडते. एका दुपारी आई-बाबा आत जेवायला गेले आणि मी दुकानातून कारखान्यात फोन लावला.

"मावशी, मला येता यायचं नाही. बाबांचा उजवा हात थरथरायला लागलाय. रापी धरता येत नाही त्यांना. दुकान मलाच बघायला हवं."

आतून बाबांच्या हसण्याचा आवाज येत होता. आई काहीतरी टोमणा मारत होती. पलीकडे मावशी अगदी हळू म्हणाल्या, "कापणाऱ्याचा हात गेला म्हणजे काय, ते मला माहीत आहे बाळ. जागा तीन महिने ठेवते. तू बापाला सांभाळ."

फोन ठेवला तेव्हा माझ्या जिभेला जणू चव राहिली नव्हती.

घरी मी सांगितलं की कारखान्याने तीन महिने थांबायला सांगितलंय. हे दुसरं खोटं. आता रोजचा जप एकच झाला: देवा, मी बोलले ते खरं करू नकोस. बाबा चहाचा कप उचलत तेव्हा माझा जीव त्या कपात असे. रापीखाली चामडं सरळ कापलं जाई आणि मी मनातल्या मनात हात जोडत असे. ज्याच्या नावावर खोटं बोललो त्याच्यासाठीच देवाकडे मागायचं, म्हणजे देवालाही कोड्यात टाकणं झालं.

तीन आठवड्यांनी चामडेवाले काका आले. ते महिन्यातून एकदा शहरातून माल घेऊन येतात, आणि मालाइतक्याच बातम्या आणतात. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. काकांनी गठ्ठा खाली ठेवला आणि आवाज पाडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादा, हात कसा आहे आता?"

"कुणाचा हात?" बाबांनी विचारलं.

"अहो, तुमचा. लपवू नका माझ्यापासून. मावशींनी सगळं सांगितलं. डोळ्यात पाणी आलं हो त्यांच्या. हे तुमच्यासाठी दिलंय."

कागदाच्या पुडक्यातून एक रापी निघाली. पातं नेहमीचं, रुंद, पण मूठ चांगली जाड, बुचाने भरलेली आणि वर चामड्याची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे थरथरत्या हातातूनही निसटू नये. सोबत चिठ्ठी होती: "माझाही हात हलतो. हिने काम चालतं. देव तुमचा हात राखो."

बाबांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदावर आधीच काढलेली रेघ पुन्हा काढत होते.

"बरा आहे आता हात," बाबा काकांना म्हणाले. "मावशींना माझा नमस्कार सांगा."

त्यांनी मला चार माणसांत उघडं पाडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. काका गेले, गिऱ्हाइकं गेली, आई मशीनवरून उठली, तरी त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत राहिले, आणि दिवस जात राहिले.

मग मला दिसायला लागलं. बाबा मध्येच काम थांबवत, उजवा हात खिडकीच्या उजेडात समोर धरत आणि त्याच्याकडे बघत बसत. पाच बोटं पसरून, श्वास रोखून. मी आत आले की पटकन डोकं खाजवल्यासारखं करत.

त्याच आठवड्यात शाळेच्या बाई आल्या. मला गणित त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. गेली वीस वर्षं त्यांच्या पायात बाबांचेच बूट, आणि त्या अशा चालत की नव्या मुलांना कळतही नसे. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्या दिवसासाठी खास जोड करायचं ठरलं होतं.

"तो जोड राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी बाजारातून घेतले. आत गादी घालून चालेल. हाताचं गल्लीत ऐकलं. तुम्ही आता त्याला विश्रांती द्या."

"बाई, अहो, माझ्या हाताला..." बाबा थांबले. हाताकडे बघायला लागले.

"बारा जणांना पुरेल इतकं काम केलंत तुम्ही," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघं त्यांना जाताना बघत होतो. प्रत्येक पावलाला त्यांचा डावा खांदा खाली जात होता. वीस वर्षांत बाबांनी तो खांदा असा खाली जाऊ दिला नव्हता.

बाबा टेबलाशी आले. चामडं पसरलं, रापी उचलली, कापायला लागले. अर्ध्यावर पातं रेघ सोडून गेलं. सबंध तुकडा वाया. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"फूटपट्टी," ते म्हणाले. पाठ माझ्याकडे होती. "खरं सांग. मी चिडणार नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. तुला माझा हात हलताना दिसला होता ना? मला अजून दिसत नाही. पण तुला दिसला म्हणजे असेल."

म्हणजे एवढे दिवस ते माझं खोटं पकडत नव्हते. ते माझ्या खोट्यावर विश्वास ठेवत होते. स्वतःच्या हातापेक्षा जास्त.

मी खाली फरशीवरच बसले. जिथे गिऱ्हाइकाच्या पायाशी बसते तिथे. आणि सगळं सांगितलं. खोली, पलंग, भिंत, भीती, फोन. रडत नव्हते, नुसती बोलत होते, कारण रडले असते तर त्यांना मलाच समजवावं लागलं असतं.

आईने मशीन थांबवलं होतं. दारात येऊन ती म्हणाली, "अगं कार्टे, नाही जायचं तर नाही म्हणायचं. आम्ही काय तुला पोत्यात घालून पाठवणार होतो?"

बाबा खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तसे. मग म्हणाले, "म्हणजे हलत नाही."

"नाही बाबा."

"कधीच हललेला नाही."

"कधीच नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यानंतर आला तो राग नव्हता. "हात माझा होता गं," ते म्हणाले. "घ्यायच्या आधी विचारायचंस तरी."

मी उठून टेबलावरचा वाया गेलेला तुकडा बाजूला केला.

मग त्यांनीच फोन माझ्यापुढे सरकवला. मी मावशींना सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तर मग रापी परत आणून दे. माझ्याकडे तसली एकच आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघाले. बाबा थांब्यापर्यंत आले. "तीन महिने व्हायचेत, जागा अजून असेल," ते म्हणाले. "तू घाबरून राहतेस की आवडून राहतेस, तेवढं तिथे नीट बघून ये. मग काय ते ठरव. गल्लीला मी बघून घेतो."

कारखान्यात चाळीस टेबलं, चाळीस दिवे, एकसारखा खडखडाट. मावशी कोपऱ्यातल्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांच्या डाव्या अंगठ्याला जाड पट्टी होती. बारीक मुठीची रापी हातातून निसटली होती. एकदा नाही, दोनदा. मी पुडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं तेव्हा कागद खुळखुळ वाजत होता, इतका त्यांचा हात हलत होता. परीक्षेच्या दिवशी तुकडा काचेला टेकवलेला असताना तो दिसला नव्हता; खरा थरथरता हात मी पहिल्यांदा पाहिला. फोनवर मी काय उच्चारलं होतं ते मला तेव्हा कळलं.

शेजारच्या टेबलावर एक बूट होता. त्याला चिठ्ठी: "चारशे अठरा. डावा. दोन बोटं."

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आम्हाला माप येतं, माणूस येत नाही," त्या टेबलावरच्या कापणाऱ्याने सांगितलं. काम सुरेख होतं. आमच्यापेक्षा सुरेख. मी त्या बुटाकडे बघत राहिले आणि मला शाळेच्या बाईंचा खांदा दिसत राहिला.

"जागा रिकामी आहे," मावशी म्हणाल्या. "रागावले आहे, पण कापणारी चांगली आहेस. बोल."

माझी नजर त्यांच्या पट्टीवर गेली. "मावशी, तुमचा अंगठा बरा होईपर्यंत मी इथे..."

"आधी बापाचा हात, आता माझा अंगठा!" त्या कडाडल्या. चार-पाच माना वर आल्या. "तुला स्वतःचं तोंड दिलंय की नाही देवाने?"

सगळा खडखडाट कानात शिरला. मग म्हटलं, "मला यायचं नाही. शहराची भीती वाटते, ते खरं आहे. पण ती नसती तरी आले नसते. मला पाय बघितल्याशिवाय काम जमत नाही."

"हेच तेव्हा बोलली असतीस," मावशी पट्टीकडे बघत म्हणाल्या, "तर हे झालं नसतं." मग त्या जाड मुठीची रापी हातात घेऊन वळल्या. मला पाणी विचारलं नाही, आणि मलाही ते योग्यच वाटलं. चामड्यावर त्यांची रेघ सरळ जाताना बघून मी निघाले.

शाळेच्या बाईंकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कागद आणि पेन्सिल घेऊन. त्यांनी दार उघडलं तेव्हा पायात घरातल्या चपला होत्या आणि डाव्या टाचेवर नव्या बुटाचा फोड. मी दारातच सांगितलं, "बाई, बाबांचा हात चांगला आहे. मी खोटं बोलले होते. शहरात जायचं टाळायला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शाळेत माझं चुकलेलं गणित बघताना त्या असंच करत. मग खुर्चीत बसल्या आणि डावा पाय पुढे केला.

मी खाली बसले. पावलाखाली कागद सरकवला. टाचेपासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. घोट्यापाशी आले आणि रेघ हलली. चांगली वेडीवाकडी.

बाई वाकून बघत होत्या. "कुणाचा हात हलतोय?" त्यांनी विचारलं.

"माझा, बाई."

"हं," त्या म्हणाल्या. "दुसरा कागद घे."