मोडक्या शिंगाची चिठ्ठी

“नाव मावत नाही, सर,” शशिधर म्हणाला.

लिलावघराच्या मालकाने चष्म्यावरून पाहिलं. “मागच्या बाजूला लिही. कर्नलला तीन पदकं होती. एकही गाळू नकोस.”

शशिधरने चिठ्ठी उलटवली आणि कर्नलसाहेबांचा उरलेला पराक्रम मागे उतरवला. मग ती चितळाच्या शिंगाच्या मुळाशी बांधली. दोन वेढे, एक गाठ. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळच्या त्या लिलावघरात त्याची पंचवीस वर्षं मेलेल्या जनावरांना कागदपत्रं मिळवून देण्यात गेली होती. जनावर कोणतं, कुठलं, कधीचं, मालक कोण. नव्या नियमाप्रमाणे जून १९४७ पूर्वी पेंढा भरलेलं मुंडकं विकायला मोकळं होतं. आपण ऑगस्टात मोकळे झालो. शिंगांनी दोन महिन्यांची आघाडी घेतली होती.

एक मुंडकं मात्र बिनचिठ्ठीचं होतं, ते त्याच्याच दिवाणखान्यात. बाराशिंग्याचं. त्याचे वडील विष्णू बालाघाटच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड होते. १९३८ साली एका साहेबाने ते जनावर मारलं. पेंढा भरून आणताना मुंडकं बैलगाडीतून पडलं आणि डावं शिंग मोडलं. मोडकं साहेबाला नको होतं, म्हणून ते विष्णूंना बक्षीस मिळालं. दर दसऱ्याला ते त्याला झेंडूची माळ घालत. ते गेल्यावर, त्र्याऐंशी साली, शशिधरने ते बायकोच्या, सुलक्षणाच्या, दोन साड्यांत गुंडाळून इकडे आणलं. माळ चालूच राहिली. झेंडू कुंडीतला, एवढाच फरक.

कर्नलची चिठ्ठी बांधून घरी आल्यावर शशिधरने सरकारी खात्याला पत्र लिहिलं: आमच्या मुंडक्याची रीतसर नोंद व्हावी आणि चिठ्ठी मिळावी.

“कुणी विचारलं होतं?” सुलक्षणा म्हणाली. “आपणहून कुणी इन्स्पेक्टरला चहाला बोलावतं का?”

“अगं, त्या लोकांच्या नावाच्या हजार चिठ्ठ्या बांधल्या मी. एक बाबांच्या नावाची नको?”

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी खात्याचा अधिकारी आला. सज्जन माणूस. बूट दाराशी काढले, चहा घेतला, चिवडाही घेतला.

“अडतीस सालचं. उत्तम,” तो म्हणाला. “ब्रिटनमध्ये कधी आलं?”

“त्र्याऐंशी.”

“आयातीचा परवाना?”

विक्रीचे नियम शशिधरला तोंडपाठ होते. आणण्याचे नियम त्याच्या टेबलावर कधी आलेच नव्हते. साहेबलोकांनी आणलं तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारणारे आले तोवर सगळं आणून झालं होतं.

“पण मला विकायचं नाहीये हे,” तो म्हणाला. “भिंतीवरच राहू दे. वडिलांचं आहे.”

“आय अॅम सॉरी. न्यावं लागेल.” अधिकारी खरोखरच ओशाळला होता. त्याने बॅगेतून कोरी चिठ्ठी काढली. “तुमचा हात बसलाय म्हणे. तुम्हीच बांधता?”

सुलक्षणाने सुकलेली माळ उतरवून हातात धरली. शशिधर टेबलाशी बसून लिहू लागला. जनावर: बाराशिंगा. ठिकाण: बालाघाट. साल: १९३८. ‘मालक’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

“तिथे ‘नाही’ लिहा,” अधिकारी हळूच म्हणाला. “जप्तीच्या मालाला मालक नसतो.”

शशिधरने लिहिलं, नेहमीच्याच वळणदार अक्षरात. चिठ्ठी मोडक्या शिंगाच्या मुळाशी बांधली. दोन वेढे, एक गाठ.

“व्हेरी नीट,” अधिकारी म्हणाला आणि मुंडकं काखेत मारून निघाला.

व्हॅन कोपऱ्यावर वळली तरी शशिधर दारातच उभा होता.

“अहो, मामंजींचं नाव कुठेतरी घालायचं होतं,” सुलक्षणा म्हणाली.

“रकाना लहान होता.”

“मागची बाजू कोरी होती की.”

शशिधर पेनाचं टोपण शोधत राहिला. भिंतीवर खिळा तसाच होता. सुलक्षणाने स्टुलावर चढून माळ परत त्यालाच अडकवली.