मशीनमागची वीतभर जागा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी मंडळी काठ्या टेकत आली होती, आचारी गॅस बंद करून उभा होता आणि मधोमध व्यवस्थापकानं बोलावलेले पाणीवाले बाबा बिघडलेल्या डिशवॉशरवर तळहात ठेवून, डोळे मिटून डोलत होते.

"यंत्र म्हणजे काय? पोट! पाणी म्हणजे काय? प्राण!"

"आणि बाबा म्हणजे काय? हवा," चाकाच्या खुर्चीतल्या बाई पुटपुटल्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या इथे आल्या होत्या. जीभ अजून तशीच तिखट होती.

"पाणी आत यायला घाबरतंय," बाबांनी सांगितलं. "इथे कुणीतरी आहे, जिचं माणूस पाण्यानं नेलंय."

सगळे सकाळच्या भांडीवालीकडे बघू लागले. तिचा नवरा आठ वर्षांपूर्वी नदीत बुडाला होता, हे आश्रमात सर्वांना ठाऊक होतं. बाबांच्या कानावर ते कुणी घातलं, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. शिवाय मशीन रुसायचं ते तिच्याच पाळीला. संध्याकाळची भांडीवाली आली की पाणी मुकाट्यानं भरायचं. महिनाभर ही बिचारी साठ माणसांची भांडी हातानं घासत होती. बोटांची सालं निघाली होती.

"हिला बाहेर काढा. यंत्राचं तोंड दाराकडे करा," बाबांनी फर्मावलं. ती बाहेर गेली. व्यवस्थापकानं आणि आचाऱ्यानं मशीन पुढे ओढलं, बटण दाबलं आणि आत खळखळ पाणी पडू लागलं.

"अगं बाई! खरंच की!" गर्दीतून उद्गार निघाला.

व्यवस्थापकानं दारातूनच तिला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." ती भांडली नाही. "मला माहीतच होतं," एवढंच म्हणाली.

ते ऐकून बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "थांबा! ओढण्याआधी तुमचे बाबा मशीनमागे डोकावले, ते मी पाहिलंय. तुम्ही एका दमात दोन गोष्टी बदलल्यात. हिला घालवलंत आणि मशीन हलवलंत. पाणी कशामुळे आलं, कसं कळणार? ये गं आत. ठेव मशीनवर हात. हं, दाबा बटण परत."

पाणी आलं.

"आता तू फाटकापाशी जा. आणि आचारीबुवा, मशीन भिंतीला टेकवून बटण दाबा."

मशीन घुरघुरलं. थेंबही पडला नाही.

"शंका असते तिथे शक्ती चालत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

आचारी मशीनमागे वाकला. पाण्याची नळी भिंत आणि मशीनमध्ये चेपून दुमडली होती. बाईंनी भांडीवालीला परत बोलावून विचारलं, "मागची फरशी पुसतेस का?"

"रोज पुसते. मग मशीन भिंतीला नीट लावून ठेवते."

"आणि संध्याकाळची?"

"तिची ओली फडकी तिथे वाळत असतात. त्यासाठी ती पुढे ओढते."

"ऐकलंत?" बाईंनी खुर्ची व्यवस्थापकाकडे वळवली. "ही नीट काम करते, म्हणून नळी चेपते. आणि तुम्ही हिच्या मेलेल्या नवऱ्याचा पंचनामा करताय! लाजा वाटू द्या."

व्यवस्थापक खाली बघून म्हणाला, "उद्या ये गं." ती जागची हलली नाही.

"बाई, मग ते बुडले... त्यातही माझं काही नव्हतं?"

"नदीला पूर होता, पोरी. तुझं काय असणार?"

"सासूबाई म्हणाल्या होत्या, हिच्या हातचं पाणी जीव घेतं. आठ वर्षं मी लेकीला माझ्या हातानं पाणी दिलेलं नाही."

बाईंनी तिचा सोललेला हात धरला आणि त्या रडल्या.

मंडळी, नळी सरळ करायला दोन मिनिटं लागली. कुणा माणसाला अपशकुनी ठरवण्याआधी निदान मशीनमागे वाकून बघा. त्या मायलेकींची आठ वर्षं आता कुणालाच परत देता येणार नाहीत.