घर उचलणारी

समुद्राने तिसऱ्यांदा भिंत पाडली, त्याच दिवशी गॅरेजवालीने घर हलवायचं ठरवलं.

नवऱ्यामागे त्याचं गॅरेज तिने चालवलं, आणि ट्रकखाली उताणं पडून शिव्या देत काम करण्यात त्याच्यापेक्षा काकणभर सरस निघाली. गॅरेजमागे तिचं लाकडी घर, मग अंगण, आणि तिथेच गल्ली संपून समुद्र सुरू होई. तिच्या लहानपणी अंगणापुढे घरांची आणखी एक ओळ होती. आता तिथे मासे नांदत होते.

तिचा धाकटा भाऊ नगरसेवक होता. तो सकाळीच आला.

"ताई, या वेळी भिंत दुप्पट उंच. समुद्राचा बाप आला तरी हलायची नाही."

"मागच्या वेळीही तू बापाचंच नाव घेतलं होतंस. नुसता पोरगा आला आणि भिंत खाऊन गेला."

"मग काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"बसतंय कोण? मी घर मागे घेतेय. रस्त्यापलीकडे चढावर आपलं भंगाराचं आवार आहे ना, तिथे."

भावाला आधी हसू आलं, मग राग. "आईने इथे जन्म काढला. आणि तू पळून चाललीस? लोक माझ्या तोंडावर हसतील."

"आई होती तेव्हा समुद्र पार तिकडे होता. तो हलला, वाळू हलली, मासे हलले. आपणच तेवढे खुंटा ठोकून बसायचं, असं कोणी सांगितलंय? आणि पळणारा माणूस घर पाठीवर घेऊन पळत नाही."

मग त्याने खरं कारण काढलं. भिंतीचा पाया तिच्या अंगणातून जाणार होता. तिने होकार द्यायचा होता.

"नाही," ती म्हणाली. "येणाऱ्याला परत जायलाही वाट लागते. अंगण मोकळं राहील."

भावाने समजावलं, आरडाओरडा केला, बायकोला पाठवलं. गॅरेजवाली ढिम्म. सख्ख्या बहिणीवर बुलडोझर घालायची त्याची हिंमत होईना, म्हणून भिंत तिच्या अंगणाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि मध्ये फट राहिली, पडलेल्या दातासारखी. सगळी गल्ली तिच्यावर उलटली. "हिच्या हट्टापायी आपण बुडणार," असं दुकानदार तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजकडे वळली.

तिने मात्र घराखाली जॅक लावले. एकेक कोपरा बोट-बोटभर उचलला, खाली ओंडके सरकवले आणि ट्रकला साखळदंड बांधून घर ओढायला घेतलं. रस्ता ओलांडताना स्वयंपाकघराची भिंत कडाडली आणि फळकुटांचा ढीग होऊन खाली आली. बघे टाळ्या पिटू लागले. ती तिथेच रस्त्यात बसली आणि ग्रीसने माखलेल्या हातांत तोंड खुपसून रडली. आईची चूल त्या भिंतीला लागून होती. मग उठली, बघ्यांना दोन सणसणीत शिव्या हासडल्या, भिंतीच्या जागी ताडपत्री ठोकली आणि ट्रक पुन्हा चालू केला.

पुढचं वादळ भरदुपारी आलं. लाटा नव्या भिंतीवर चढल्या आणि पलीकडे कोसळल्या. फटीतूनही समुद्र आत शिरला. तिचं लिंबाचं झाड मुळासकट घेऊन गेला, गॅरेजच्या खड्ड्यात वाळू भरून गेला. चढावरून ती बघत होती, आणि झाडासाठी तिचा जीव तुटत होता. पण ओहोटी लागली तसं अंगणातलं पाणी आल्या वाटेने निघून गेलं.

भिंतीमागचं पाणी मात्र मुक्कामाला राहिलं. मधल्या जोत्या-कुंपणांमुळे त्याला फटीपर्यंत जायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशीही घराघरांत गुडघाभर पाणी होतं, नगरसेवकाचा सोफा त्याच्याच दिवाणखान्यात तरंगत होता. शेजारच्या म्हातारीला खांद्यावर घेऊन लोक चढावर आले. घर ओढताना टाळ्या पिटणारेच ताडपत्रीमागे दाटीवाटीने बसले. गॅरेजवालीने कोणाला टोमणा मारला नाही; घण उचलला आणि खाली उतरली.

भाऊ कमरेएवढ्या पाण्यात भिंतीला पाठ लावून उभा होता. "ताई, ही सरकारी मालमत्ता आहे. हात लावलास तर पोलीस बोलावीन!"

"बोलाव. पोहत येतील बिचारे."

"सगळ्यांसाठी बांधली होती गं मी," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. आता बाजूला हो."

तो हलला नाही. तेव्हा त्याच्या मागून त्याची बायको पाणी कापत आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. "वन्सं, आधी मला द्या तो घण. सोफा माझ्या माहेरचा होता!"

तिला बघून तो गुमान बाजूला झाला. नणंद-भावजयींनी आळीपाळीने घाव घातले. मग लोक पहारी घेऊन आले. भिंतीला भगदाड पडलं आणि कोंडलेलं पाणी बैल सुटावा तसं समुद्राकडे धावलं.

भावाने बहिणीशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. सरकारी मालमत्ता फोडल्याबद्दल तिला दंड झाला. तो तिने भरला, आणि वेळ आली तर पुन्हा फोडीन म्हणून बजावून आली. गल्लीतली दोन लाकडी घरं आता चढावर तिच्या शेजारी आली आहेत. बाकीचे अजून भिंत दुरुस्त करायची की पाडायची यावर भांडतात.

परवा भावजय आली. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हे विचारत होते... म्हणजे मीच विचारतेय. विटांचं घर उचलता येतं का हो?"

"नाही येत. पाडावं लागतं. धड विटा निवडून घ्यायच्या आणि पुन्हा रचायचं."

"आणि समुद्र इथवर आला तर?"

"तर आणखी मागे. एका जागी चिकटून राहायला आपण काय शेवाळ आहोत?"

भावजयीने चढाच्या वरच्या अंगाला बराच वेळ पाहिलं.

"विटा फार जड आहेत, वन्सं."

"हो. म्हणून त्याला सांग, आतापासून सुरुवात कर. आणि स्वतः येऊन विचार म्हणावं. मी काही त्याला खाणार नाही."