ओल नसताना फुटलेला ठोंब

मी एक जुना ठोंब आहे मित्रांनो, पवन्या गवताचा. आटपाडीच्या बाजूला, माणगंगेच्या काठी, जिथं माळ संपून वाळू लागते तिथं मी असतो. वीसेक पावसाळे पाहिले, त्यातले निम्मे नुसते नावाचे. आत्मवृत्त सांगणारे सगळे आधी आपली थोरवी सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी होती, पण ती मी स्वतःच्या हातानं घालवली. आता जे सांगतोय ते मान खाली घालूनच सांगतोय.

आधी आमच्या जातीची रीत सांगतो, म्हणजे माझा गुन्हा तुम्हाला कळेल. वाळूत पाणी थांबत नाही. आलं की खाली पळालं. म्हणून आमची मुळं खोल जातात, आणि अंगाला वाळूचे कण चिकटवून घेतात. त्या वाळूच्या बाहीत मुळाची ओल टिकते. ऊन वाढलं की आम्ही पानं गुंडाळतो, वाऱ्याला ओल कमी मिळावी म्हणून. त्यानंही भागलं नाही तर पानांतलं जे काही चांगलं असेल ते खाली ओढून घेतो आणि पानं वाळू देतो. वरून बघाल तर नुसतं पिवळं केरसुणीचं बूड. खाली वाळूत मात्र नव्या कोंबांचे नखाएवढे डोळे झोपलेले असतात. आमचं बीसुद्धा शहाणं. एका पावसात सगळं उगवत नाही. काही मागं राहतं, दोन-दोन वर्षं वाट बघतं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की खालपर्यंत ओल पोचल्याशिवाय फुटायचं नाही. गाठीला असतं थोडं, ते एकदा उधळलं की परत कुठून आणायचं?

हा नियम मी इतकी वर्षं पाळला, म्हणून माझा मान होता. इथल्या धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर कृष्णाकाठाला उतरतात, पार कराड-उंब्रजपर्यंत, आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. कधी यायचं ते माळावर घर राखणाऱ्या बयाबाईच्या घरात माझ्याकडे बघून ठरायचं. तिच्या सासूनं तिला मला दाखवलं होतं. "ह्यो फुटला की समज, भुईत पानी हाय," असं म्हातारी सांगून गेली. मग बयाबाई तिच्या नवऱ्याला, कोंडीबाला, फोन करायची आणि कळप निघायचा. मी कधी चुकलो नव्हतो. खरं सांगतो, त्याचा मला लय माज चढला होता.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं. माझी पानं गेली, काड्या गेल्या. बयाबाईच्या गुडघ्याचं मिरजेला ऑपरेशन झालं होतं, तरी ती थांबली नाही. काठी टेकत रोज सकाळी मला बघायला यायची. एकदा तिची लेक मंगल सुट्टीवर आली. ती मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला चपलेच्या टोकानं हलवलं आणि हसली.

"आये, तुझा ठोंब मेला की गं! कशाला रोज दर्शनाला येतीस?"

बयाबाई काठी टेकत घराकडं वळली. पण मला ते शब्द असे झोंबले म्हणता! मी मेलो? मी? अरे, ह्या माळाला शहाणपण शिकवणारा मी, आणि कालची पोर मला मेला म्हणते!

वैशाखात एका दुपारी वळीव आला. वीस मिनिटं ताडताड वाजला आणि गेला. वाळू चार बोटं भिजली असेल. खालची मुळं कोरडी ठणठणीत होती, मला कळत होतं. शेजारचे ठोंब गप्प होते. पलीकडचं बोरीचं झाड गप्प होतं. मी तेवढा गप्प बसलो नाही. दाखवतोच आता, असं म्हणालो, आणि गाठीला जपलेलं सगळं ओतून फुटलो. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावर बोटभर हिरवे कोंब होते.

बयाबाईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिथंच उभं राहून तिनं फोन लावला. "आवं, ठोंब फुटला! निघा, मेंढरं घिऊन या."

संध्याकाळी मंगलचा फोन आला. बयाबाई माझ्याजवळच होती, म्हणून मला ऐकू आलं. "आये, मोबाईलवर पंधरा दिस पाऊस दावत न्हाई. बाबाला तितंच थांबू दे की."

"तुजा मोबाईल काल आला गं," बयाबाई म्हणाली. "ह्यो ठोंब माज्या सासूच्या येळचा हाय. ह्यो खोटं बोलायचा न्हाई."

मित्रांनो, त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण फुटलेला कोंब परत आत ओढता येत नाही.

चार दिवसांत माझी टोकं पिवळी पडली. बयाबाईच्या ते ध्यानात आलं. टँकरचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यातला तांब्याभर ती रोज माझ्या बुडात ओतू लागली. स्वतःच्या पिण्यातलं पाणी! मला नको होतं ते. तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, बाई, मी खोटा आहे, त्यांना परत फिरव.

आठव्या दिवशी कोंडीबा साठ मेंढरं घेऊन पोचला. माळावर वैरणीची काडी नव्हती. माघारी फिरावं तर कोकरं लहान, वाटेनं थकलेली. मेंढरांनी आधी मलाच खाल्लं, बुडापर्यंत. खाऊ देत, म्हटलं, तेवढीच माझी लायकी. पण माझ्या चार पात्यांनी साठ तोंडांचं काय होणार? दोघं नवरा-बायको बाभळीच्या शेंगा गोळा करत हिंडायची. ती दुखऱ्या गुडघ्यानं. सात कोकरं गेली. मग बयाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली काळी मेंढी माझ्या शेजारीच बसली, ती उठलीच नाही.

मला वाटलं, आता बयाबाई मला शिव्या देईल. तिनं काळीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माजंच डोळं फसलं." दोष तिनं स्वतःवर घेतला. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं मी.

आषाढ संपता संपता खरा पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री भिजपाऊस. शेजारचे ठोंब तरारले, बोरीला पालवी आली, मागं राहिलेलं बी उगवलं. मी तसाच. माझे बहुतेक डोळे त्या फुशारकीत जळाले होते, एकच उरला होता. आणि खरं सांगू? वर यायची लाजही वाटत होती.

कोंडीबा कुदळ घेऊन आला. "ह्या लबाडाला मुळासकट काढतो बघ."

"थांबा वं," बयाबाई म्हणाली. कशीबशी खाली बसली, ऑपरेशनचा पाय लांब पसरून. माझ्या बुडाशी तिनं वाळूत हात घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला तो ओला होता. मग तिनं बाभळीचे काटे आणून माझ्याभोवती कुंपण केलं. "बी पडस्तवर ह्येला कुनी त्वांड लावायचं न्हाई," एवढंच बोलली आणि उठली.

मित्रांनो, वाळलेला ठोंब दिसला तर मेला म्हणून उपटू नका, आणि मेला म्हणून चिडवूही नका. पाऊस झाल्यावर लगेच जनावरं घालू नका. पहिली पानं आम्ही मुळांकडून उसनं घेऊन काढतो, ते देणं फिटू द्या. एक हंगाम बी पडू द्या, मग हवं तेवढं खा.

उरलेल्या डोळ्यातून मी फुटलो. श्रावणात माझं एक पातं काट्यांच्या वर आलं, अगदी खरं, पोटभर ओलीवर आलेलं. बयाबाई आली, तिनं ते पाहिलं. ती पाय पसरून खाली बसली आणि वाळूत कोपरापर्यंत हात घालून बघितला. आता ती दर वेळी तसंच करते. बरोबर आहे तिचं.