सातवी शेळी

धाकट्या काकूने पिशवीतून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतला चष्मा काउंटरवरच्या निळ्या मखमलीवर ठेवला. ठेवताना काचा वर, दांड्या खाली. चष्मा असा ठेवायचा असतो हे बत्तीस माणसांच्या घरात भिंगरी कुणाच्या गळी उतरवू शकली नव्हती. काकूला ते न शिकवताच येत होतं, आणि भिंगरीला तेही खुपलं.

"ह्यात माझा नवा नंबर घालून दे," काकू म्हणाली. "फ्रेम मात्र हीच हवी. रविवारच्या आत होईल ना?"

भिंगरीने चष्म्याला हात लावला नाही. मधाच्या रंगाची ती फ्रेम तिने आजीसाठी चाळीसांतून निवडली होती. दुकानात काच घासायचं स्वतःचं यंत्र आलं, तेव्हा त्यावरचं पहिलं काम हेच. उजव्याला अधिक साडेतीन, डाव्याला अधिक चार. घरातल्या माणसांचे वाढदिवस ती विसरायची, पण हे दोन आकडे तिला झोपेतून उठवून विचारले तरी आले असते.

"आणि ह्यातल्या काचा?" तिने विचारलं.

"काढून टाक. चरे पडलेत."

काढून टाक! जसं काही शिळं पाणीच ओतून द्यायचं होतं.

भिंगरी हे नाव आजीनेच ठेवलेलं. लहानपणी पोरगी एका जागी ठरायची नाही, नुसती गरगरत असायची, म्हणून. पुढे ती भिंगांच्याच धंद्यात पडली तेव्हा आजी येईल त्याला सांगायची, "बघा, मी उगाच नावं ठेवत नाही." दर पंधरा दिवसांनी भिंगरी स्कूटर काढून धाकट्या काकूकडे राहणाऱ्या आजीला भेटायला जायची. दारात पाय ठेवला की आजी चष्मा सारखा करायची आणि म्हणायची, "आलीस? तुझ्या ह्या काचांमुळे मला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते गं!" त्या एका वाक्यावर भिंगरीचे पुढचे पंधरा दिवस निघायचे.

आणि आजी गेली तेव्हा तिच्या वस्तू वाटताना थोरले काका म्हणाले होते, "चष्मा धाकटीकडे राहू दे. सगळं तिनेच केलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंगरीनेही डोलावली. पोटात जे पेटलं होतं ते वर्ष झालं तरी विझलं नव्हतं.

दुकानाचं दार ढकलून दादा आत आला. हा तिचा चुलतभाऊ, बसचा ड्रायव्हर. खिशातून मोडक्या दांडीचा चष्मा काढत म्हणाला, "भिंगरे, ही दांडी परत गेली. घरच्यांना काय मेणाचे चष्मे विकतेस काय?"

"तू त्यावर बसतोस, दादा."

"मी ड्रायव्हर आहे. बसणं हेच माझं काम." मग त्याची नजर काकूकडे गेली आणि आवाज मऊ झाला. "काकू, रविवारी लवकर ये हं. आजीला जाऊन वर्ष होतंय, सगळे तिच्या गोष्टी सांगणार. आणि तू नसलीस तर कुणालाच धड काही आठवायचं नाही. आजीचे डोळे म्हणजे तूच होतीस."

भिंगरीने स्क्रू पिळला. जरा जास्तच पिळला.

"आणि तू ती कार्डाची गोष्ट सांग," जाताजाता दादा तिला म्हणाला. "ती झाल्याशिवाय जेवण पचत नाही."

कार्डाची गोष्ट भिंगरीची होती. बाकीच्यांकडे आजीच्या पन्नास गोष्टी असतील. भिंगरीकडे ही एकच होती, पण भरभक्कम होती. तीन वर्षांपूर्वी दुकानाला दहा वर्षं झाली, तेव्हा तिने सगळं घर बोलावलं, आजीला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि वाचायचं कार्ड पुढे केलं. त्या कार्डावर चार ओळी असतात, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा बारीक. चौथी ओळ चाळिशीतल्या माणसालाही घाम फोडते. आजीने चारही ओळी खणखणीत वाचल्या. ब्याऐंशी वर्षांची बाई! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "ही जादू माझी नाही, माझ्या भिंगरीची."

त्या सुखात एकच खडा होता. भिंगरी कार्ड आजीच्या हातात देणार, तेवढ्यात काकूने ते मधल्यामध्ये घेतलं होतं, स्वतः आजीच्या हातात दिलं होतं, आणि आजीची बोटं कडेवर नीट बसेपर्यंत सोडलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत नेमका तोच क्षण सापडला होता. आजी, कार्ड, आणि मध्ये काकूचा हात. फोटो चौकटीत बसवताना भिंगरीला तो हात कापावासा वाटला होता. पण मग कार्डही कापलं गेलं असतं.

दादाची बस दोन गल्ल्या पलीकडे गेली असेल एवढा वेळ भिंगरी स्क्रू डबीत भरत राहिली. मग चष्मा उचलून उजेडात धरला, आणि स्वतःच्याच कानांना परका वाटेल अशा धंदेवाईक आवाजात म्हणाली, "काकू, ही फ्रेम वाळलीय. काच काढायला ऊब दिली की तुकडे पडतील. तू नवीन घे, पैसे नकोत. ही असू दे माझ्याकडे."

फ्रेम वाळलेली नव्हती. अजून दहा वर्षं टिकली असती.

काकूने एकदा चष्म्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. बेकरीतलं काम आटोपून ती तशीच आली होती. मनगटाच्या घडीत पीठ अडकलं होतं.

"मोडणार असेल तर नको," ती म्हणाली. "ठेव तुझ्याकडे. तूच तर केलेली."

इतक्या सहज! भिंगरीने भांडणाची सगळी तयारी केली होती, आणि समोरच्या माणसाने दारच उघडं टाकलं. घाईघाईने ती म्हणाली, "बस खुर्चीत. नंबर तरी बघते."

लांबचं तपासून झालं. तपासणीची लोखंडी फ्रेम काढून ती पुसायला घेतली आणि दुसऱ्या हाताने भिंगरीने कार्ड पुढे केलं. "हे धर नुसतं. काच लावते, मग वाच."

पण काकू दिवसभराची थकलेली होती, आणि थकलेलं माणूस सवयीने चालतं. कार्ड हातात येताच तिने सुरुवात केली. "दुपारी वारा पडला. माळावर सात शेळ्या चरत होत्या. उन्हाचा कंटाळा येऊन सहा शेळ्या झाडाखाली गेल्या. सातवी कुंपणापाशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली."

न अडखळता, चौथ्या ओळीपर्यंत.

"काकू," भिंगरी म्हणाली. "तुझ्या डोळ्यांवर अजून काहीच नाहीये."

काकूने कार्ड हळूच मांडीवर पालथं घातलं.

दुकानाबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. भिंगरी काउंटरपाशी गेली, मधाच्या रंगाचा चष्मा उचलला आणि नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. चाक फिरवलं. हिरव्या रेघा अधिक चारवर स्पष्ट व्हायला हव्या होत्या. तिथे नुसतं धुकं होतं. ती चाक उलटं फिरवत गेली. तीन. अडीच. दोन. रेघा लख्ख झाल्या तेव्हा आकडा दीड होता. दुसरी काचही दीड.

हा आजीचा नंबर नव्हता. तिने काचेची कड नखाने चाचपली. कड ओबडधोबड होती, एका बाजूला खरवडलेली. भिंगरीने जन्मात अशी कड सोडली नसती.

"वर्षभरात काचा बदलल्यास?" तिने विचारलं. "आजीच्या काचा काढून दुसऱ्याकडून..."

काकूने नकारार्थी मान हलवली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

भिंगरीनेही बघितलं. रोज दुकान उघडताना हा फोटो ती पुसत असे. आज तिने तो गिऱ्हाइकाचा असल्यासारखा पाहिला. जाड काचेमागचा डोळा मोठा दिसतो आणि गालाची कड काचेतून बघताना बाहेरच्या बाजूला सरकलेली दिसते. शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट ही. फोटोतल्या आजीचे डोळे बारीक होते. गालाची कड काचेतून सरळ खाली आली होती, जशीच्या तशी.

म्हणजे त्या दिवशीसुद्धा चष्म्यात ह्याच काचा होत्या.

ती स्टुलावर बसली.

"काहीच दिसत नव्हतं तिला?"

"उजेड कळायचा. खिडकी कुठेय ते कळायचं." काकू खुर्चीतूनच बोलत होती, हात मांडीवर. "डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच गेलाय, चष्म्याचा काही उपयोग नाही. तेव्हा म्हणाली, एवढी चांगली फ्रेम डब्यात पडून काय करणार, तुझ्या काचा घाल नि तू वापर, मला पेपर वाचून दाखव. बेकरीसमोरच्या दुकानातून घातल्या."

"कड बघ कशी कापलीय," भिंगरी म्हणाली.

"तुझी स्कूटर वाजली की माझ्या नाकावरून काढायची नि तिच्या नाकावर घालायची. एकदा उलटा घातला गं. तू दारात, आणि दांड्या वर. मी चहा सांडला मुद्दाम, तुझं लक्ष तिकडे जावं म्हणून." काकूला हसू आलं, आणि ते तिने लगेच आवरलं. "म्हणायची, पोरीला कळलं तर दर आठवड्याला नवीन काच घेऊन येईल. नाही जमलं की रात्र रात्र रडेल. तिला सांगायचं नाही."

"मुंगी दिसते म्हणायची मला."

"मुंगी मीच सांगितली होती. म्हटलं काहीतरी बारीक सांगा, म्हणजे तिला बरं वाटेल."

भिंगरीला ते वाक्य परत करता आलं असतं तर तिने तिथल्या तिथे केलं असतं. पण पंधरा पंधरा दिवस करून ते कधीच वापरून झालं होतं.

"आणि कार्ड?"

"तू सांगितलंस ना, सगळ्यांसमोर वाचायला लावणार म्हणून. मग मी तुझ्याकडून एक मागून नेलं. घरातल्यांचे डोळे बघते म्हटलं होतं."

आठवलं. किती खुशीत दिलं होतं तिने ते.

"किती दिवस लागले पाठ व्हायला?"

"अकरा. मी दुपारी बेकरीतून आले की बसायचो. शेवटची ओळ जमेचना. सातवी शेळी आली की तिला हसू फुटायचं. ही बया अशी एकटीच काय बघतेय रस्त्याकडे म्हणायची, हिची भिंगरी यायचीय वाटतं. की झालं, पुन्हा पहिल्यापासून. हसून हसून ठसका लागायचा."

भिंगरीने कधी आजीला ठसका लागेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला सारखा केलेला चष्मा आला होता, कौतुक आलं होतं. त्या अकरा दुपारी मात्र दुसरीच्या होत्या. आता त्या कुठल्या वाटणीत मागणार? आतला निखारा विझला नाही. त्याने फक्त जागा बदलली आणि जिथे खरोखर दुखत होतं तिथे जाऊन बसला.

"मग मला का आणून दिलास चष्मा? मी बघणार हे कळत नव्हतं तुला?"

"ते बेकरीसमोरचं दुकान गेल्या महिन्यात बंद पडलं." काकूने मनगटातलं पीठ पुसलं. मग म्हणाली, "आणि किती दिवस मी एकटीनेच सांभाळायचं?"

भिंगरी उठली. कार्ड उलटून मागच्या मजकुराची बाजू पुढे केली. त्यावर बाजाराचा दिवस होता, शेळ्या नव्हत्या. "हे वाच. हे तुला पाठ नाही."

नंबर पाव वाढला होता. पावणेदोन. तिने हीटर लावला, फ्रेम उबेवर धरली.

"मोडेल म्हणालीस ना?" काकूने विचारलं.

"नाही मोडायची," भिंगरी मान वर न करता म्हणाली.

रविवारी थोरल्या काकांकडे दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत जागा मिळेल तिथे माणसं. कुणी आजीच्या माराची गोष्ट सांगितली, कुणी तिच्या चिल्लरच्या डब्याची. दोन पोरांचं फुग्यावरून भांडण झालं, एकाला उचलून बाहेर नेलं. मग दादा ओरडला, "भिंगरे, कार्ड!"

तिने सांगितली. नेहमीसारखीच सांगितली, खुर्ची, टाळ्या, ब्याऐंशी वर्षं, काही गाळलं नाही. दुपारी वारा पडला. माळावर सात शेळ्या. सहा झाडाखाली गेल्या. आणि इथे ती थांबली.

विसरली होती असं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात काकू कपांचा ट्रे घेऊन उभी होती, नाकावर मधाच्या रंगाचा चष्मा.

"सातवी कुंपणापाशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली," ती हलकेच म्हणाली.

"घ्या!" दादाने मांडीवर थाप मारली. "काकूलासुद्धा पाठ! भिंगरे, अजून दोनदा सांगितलंस तर भिंतीही म्हणायला लागतील."

सगळे हसले. भिंगरीही हसली.

"मग? माझ्याचकडून ऐकलंय तिने," ती म्हणाली.

काकूने काही दुरुस्ती केली नाही. ती वाट काढत आली, ट्रेमधला पहिला कप उचलला, त्याचा कान भिंगरीच्या बाजूला वळवला, आणि तिची बोटं त्यावर नीट बसेपर्यंत कप सोडला नाही.